खाडा नसलेली मेस

ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं की विमान, हॉटेल आणि पार्कची तिकिटं हे विषय दोन-तीन संध्याकाळींत निकालात निघतात. घोडं अडतं ते जेवणाशी. बुकिंग करता करता एक चौकट समोर येते: डायनिंग प्लॅन हवा का? माणशी, रात्रीमागे इतके डॉलर. न्यू जर्सीतल्या घरी डोंबिवलीहून आईवडील आलेले, मुलं सात आणि दहा वर्षांची, घरातले निम्मे शाकाहारी आणि आजींची संकष्टी नेमकी त्याच आठवड्यात. अशा घरानं हा प्लॅन घ्यावा का? बहुतेकदा घेऊ नये, असं माझं मत आहे. पण काही घरांनी जरूर घ्यावा, आणि कुणी कुठल्या बाजूला बसायचं हे ठरवायला थोडी आकडेमोड लागते.

डिस्ने वर्ल्डमध्ये सध्या दोन प्लॅन आहेत. 'क्विक सर्व्हिस' प्लॅनमध्ये रात्रीमागे माणशी काउंटरवरची दोन जेवणं, एक स्नॅक, आणि हॉटेलात कितीही वेळा चहा-कॉफी-सोडा भरून घेता येईल असा एक मग. दुसरा, म्हणजे खुद्द 'डिस्ने डायनिंग प्लॅन', त्यात काउंटरचं एक जेवण, टेबलावर बसून वेटरनं वाढलेलं एक जेवण, एक स्नॅक आणि तोच मग. २०२४ साली पहिल्याचा दर मोठ्या माणसाला रात्रीमागे ५७.०१ डॉलर आणि लहान मुलाला २३.८३ डॉलर होता, दुसऱ्याचा ९४.२८ आणि २९.६९. म्हणजे मोठ्या प्लॅनवर एका माणसाचं एका दिवसाचं खाणं पावणेआठ हजार रुपयांच्या वर. या जेवणांना तिथे 'क्रेडिट' म्हणतात. ती मनगटावरच्या मॅजिकबँडमध्ये जमा होतात आणि दर जेवणाला बँड टेकवला की एक-एक वजा होत जातात. प्लॅन फक्त डिस्नेच्या हॉटेलात पॅकेज घेऊन उतरणाऱ्यांना मिळतो, आणि एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकानं एकच प्लॅन घ्यायचा असतो. बाबांना मोठा, आजींना काहीच नको, असं चालत नाही.

पुण्यात शिकायला राहिलेल्या कुणालाही ही व्यवस्था ओळखीची वाटेल. महिन्याचे पैसे आगाऊ, कार्डावर खुणा, रविवारी फीस्ट. फरक एवढाच की आपल्या मेसवाल्या काकू गावी जाताना आधी सांगितलं तर खाडा धरतात. डिस्नेच्या मेसला खाडा नाही. पोट बिघडलं, वादळी पावसात हॉटेलातच अडकलात, मूल बाबागाडीत झोपलं म्हणून रात्रीचं जेवण हुकलं, तरी पैसे गेले. हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री उरलीसुरली क्रेडिट्स बाद होतात. त्यामुळे शेवटच्या दिवशी दुपारी एक गमतीचं दृश्य दिसतं. पावतीच्या तळाशी 'स्नॅक: नऊ शिल्लक' असं छापून येतं आणि अख्खं कुटुंब काउंटरसमोर उभं राहून मिकीच्या आकाराचे कुरकुरीत मुरमुरा-केक पिशवीत भरत असतं. शाकाहाऱ्यांनी तेवढे मात्र भरू नयेत. त्यांना चिकटवणाऱ्या मार्शमेलोत जिलेटिन असतं.

आगाऊ पैसे घेऊन सोयीचं असेल तेवढंच परत द्यायचं, ही कला डिस्नेनं २००५ साली डायनिंग प्लॅन आणताना शोधली असं नाही. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, त्याच वर्षी तिकिटांची पुस्तकं निघाली. अ, ब, क अशा वर्गवारीची कूपनं, साध्या राइडला स्वस्त आणि भारीला महाग. लोक भारीची कूपनं आधी संपवत आणि साधी कूपनं खिशात घेऊन घरी जात. ती पद्धत १९८२ पर्यंत चालली. डायनिंग प्लॅन २००५ साली आला तेव्हा मात्र खरोखर उदार होता: टेबलावरच्या जेवणात स्टार्टर होतं, टिपसुद्धा धरलेली होती. २००८ साली दोन्ही काढून टाकली. २०१८ साली एकवीस वर्षांवरच्यांना जेवणाबरोबर बिअर, वाइन किंवा कॉकटेल चालू लागलं, आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठा बदल हाच. २०२०च्या मार्चमध्ये कोरोनामुळे पार्क बंद झाले तेव्हा प्लॅनही बंद पडला, आणि ९ जानेवारी २०२४ला वर दिलेल्या दोन रूपांत परत आला. मद्य आतच राहिलं. जो घेत नाही त्याच्या क्रेडिटची किंमत मात्र घेणाऱ्याइतकीच.

तरीही लोक प्लॅन घेतात, आणि आनंदानं घेतात. याला कारण आहे. १९९८ साली ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी पैसे मोजतानाच्या दुखण्यावर एक निबंध लिहिला. त्यातला एक प्रश्न असा होता: सहलीचे पैसे आधी द्याल की नंतर? आणि वॉशिंग मशीनचे? बहुतेकांनी सहलीचे आधी आणि मशीनचे नंतर असं उत्तर दिलं. सुट्टीत प्रत्येक आइस्क्रीमला पाकीट काढावं लागणं हीच शिक्षा असते. एकदाच देऊन मोकळं झालं की आइस्क्रीम गोड लागतं. क्लब मेडनं १९५० साली मायोर्कात पहिलं गाव वसवलं ते याच धोरणावर. खाणंपिणं आधीच भरलेलं, आणि पुढे दारूसाठी रोख रकमेऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी. पण याची दुसरी बाजूही आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या डेल्लाविन्या आणि माल्मेंडिये यांच्या अभ्यासात न्यू इंग्लंडमधल्या तीन जिममधले सभासद महिन्याला सत्तरहून अधिक डॉलर भरून सरासरी चारदाच जात होते. म्हणजे दर खेपेला सतरा डॉलरच्या वर, आणि तेही तिथेच खेपेला दहा डॉलर पडेल असा पास मिळत असताना. आगाऊ भरताना माणूस स्वतःच्या उत्साहाचा अंदाज चढा लावतो. डिस्नेत सकाळी सातला बस पकडून दिवसभर उन्हात चालल्यावर रोज संध्याकाळी तासभर टेबलाशी बसण्याचा उत्साह उरेल का, हे स्वतःला विचारून पाहावं.

आता आकडे, २०२४च्या दरानं. दोन मोठे, एक सात वर्षांचं आणि एक दहा वर्षांचं मूल. इथेच पहिली ठेच लागते: डिस्नेच्या लेखी दहा पूर्ण झाली की माणूस मोठा. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला २९.६९ नव्हे, ९४.२८ डॉलर. मोठ्या प्लॅनचे रात्रीला ३१२.५३ आणि पाच रात्रींचे १५६२.६५ डॉलर होतात. समोर काय मिळतं? काउंटरवर एक शाकाहारी बोल आणि पेय मिळून वीसच्या आसपास. स्नॅक सहा-सात. मग विकत घेतला तर सगळ्या मुक्कामाला वीस-बावीस, म्हणजे रोजचे चार-साडेचार. टेबलावरचं जेवण: शाकाहारी मुख्य पदार्थ पंचवीसच्या घरात, गोड दहा, सोडा पाच. सगळं मिळून सत्तरच्या आसपास. म्हणजे दर मोठ्या माणसामागे रोज वीस-पंचवीस डॉलर पाण्यात, आणि तिघांचे पाच दिवसांत तीनशे-साडेतीनशे. तोच माणूस दोन्ही जेवणांना सोड्याऐवजी कॉकटेल घेणारा आणि टेबलावर स्टेक मागवणारा असेल, तर तो सहज बरोबरीला येतो, वर जातो. प्लॅनचा दर त्याला समोर ठेवून बेतलेला आहे. फरक भरून काढतात ते कोकम सरबतावर वाढलेले लोक.

यात टिप धरलेलीच नाही. प्लॅनवर जेवलात तरी बिल पूर्ण छापून येतं, खाली क्रेडिट वजा होतात, आणि टिपची ओळ मोकळी राहते. ती पूर्ण बिलाच्या अठरा-वीस टक्के भरायची असते. टेबलावर सहा किंवा जास्त माणसं असतील तर अठरा टक्के आपोआप लागतात. आजी-आजोबा धरून आपण नेमके सहा होतो! 'जेवण तर आधीच भरलंय ना?' असं आजोबा विचारतात, आणि त्यांना समजावून सांगेपर्यंत सून कार्ड देऊन मोकळी होते.

आता उलट बाजू, कारण ती खरीच भक्कम आहे. डिस्नेत 'कॅरेक्टर मील' नावाचा प्रकार असतो. बुफे किंवा ठरलेलं जेवण, आणि जेवता जेवता मिकी, गूफी, राजकन्या टेबलाशी येऊन फोटो काढतात. शेफ मिकीज हे त्यातलं नावाजलेलं ठिकाण. मोठ्या माणसाचं रात्रीचं बिल साठ-सत्तर डॉलर, मुलाचं चाळिशीच्या आसपास. क्रेडिट मात्र एकच. मुलाचा अख्ख्या दिवसाचा प्लॅन तीस डॉलरच्या आसपास असताना एकाच जेवणात चाळीस वसूल! चार आणि सात वर्षांची दोन मुलं असतील, आणि रोज एक कॅरेक्टर मील करण्याची खरोखर तयारी असेल, तर प्लॅन फायद्यात जातो. मुलांसाठी तर साध्या जेवणांवरही तो जवळपास बरोबरीत सुटतो. 'सिग्नेचर' म्हणवणाऱ्या महागड्या जागांपासून मात्र सावध राहावं. तिथे एका जेवणाला दोन क्रेडिट कापली जातात, आणि सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवणही त्याच वर्गात मोडतं. तिथे बसायचंच असेल तर रोख पैसे देऊन बसावं.

आकडेमोड झाली. पण आपल्या घरांचा खरा प्रश्न पैशाचा कमी आणि ताटाचा जास्त असतो. डिस्नेनं २०१९च्या सप्टेंबरात चारशेहून अधिक वनस्पतीजन्य पदार्थ जाहीर केले आणि मेनूवर हिरव्या पानाची खूण आणली. पान असेल तिथे मांस, अंडं, दूध, मध काहीच नाही. आपल्या हिरव्या टिंबापेक्षा ही खूण कडक आहे, हे लक्षात घेतलं की बरंच सोपं होतं. पान दिसलं की डोळे झाकून घ्यावं. पान नसलेला 'व्हेजिटेरियन' पदार्थ मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये. अमेरिकेत सूपच्या तळाशी चिकनचा स्टॉक, मेक्सिकन घेवड्यात डुकराची चरबी, आणि फ्राइज तळलेल्या तेलात आधी तळलेले नगेट्स, हे सगळं 'शाकाहारी' दिसणाऱ्या ताटात सापडू शकतं. मॅकडॉनल्ड्सच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा अर्क असल्याचं २००१ साली उघड झालं, हिंदूंनी खटले भरले, आणि २००२ साली कंपनीनं एक कोटी डॉलर देऊन ते मिटवले. तेव्हापासून अमेरिकेतला प्रत्येक मराठी सासरा फ्राइजकडे संशयानं पाहतो, आणि ते बरोबरच आहे. संकष्टीला 'बटाटाच तर आहे' म्हणून फ्राइज मागवणाऱ्या आजींसाठी कढईची चौकशी आधी करावी. डिस्नेचे लोक या चौकशीला कंटाळत नाहीत. टेबलाच्या रेस्तराँत बऱ्याचदा शेफ स्वतः बाहेर येऊन बोलतो. जैन मंडळींनी 'जैन' हा शब्द वापरू नये. 'कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखालचं काहीच नको' असं, अ‍ॅलर्जी सांगावी तसं, यादी करून सांगावं.

डिस्ने वर्ल्डच्याच एपकॉट पार्कमध्ये तलावाभोवती अकरा देशांचे मंडप आहेत. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जपान, मोरोक्को आणि इतर. भारत नाही. खाण्याच्या उत्सवात भारताचा ठेला बऱ्याच वर्षी लागलेला आहे, पण तो हंगामी. भारताची चव शोधायची तर अ‍ॅनिमल किंगडम या पार्ककडे वळावं. तिथल्या पँडोरा विभागातल्या सातुली कँटीनमध्ये तिखट टोफूचा बोल मिळतो. मोबाइलवर आधी ऑर्डर नोंदवण्याची सोय डिस्ने वर्ल्डमध्ये २०१७ साली इथूनच सुरू झाली, त्यामुळे आजोबांना रांगेत उभं करावं लागत नाही. २०१६ साली उघडलेलं 'टिफिन्स' नावानं डब्याची आठवण करून देतं, पण ते सिग्नेचर, म्हणजे दोन क्रेडिट.

आपल्या माणसांसाठी खरी जागा म्हणजे अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधलं 'साना'. २००९ साली सुरू झालेल्या या रेस्तराँत आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाल्याची जोड आहे. खिडकीबाहेर गवतावर झेब्रे आणि जिराफ चरत असतात, आणि टेबलावर येते ती ब्रेड सर्व्हिस: नान-कुलच्याच्या जातीचे पाच प्रकार, सोबत नऊ वाट्यांचं तोंडीलावणं. काकडीचं रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची, कोथिंबिरीची, लसणाचं लोणचं. चार दिवस पिझ्झा आणि पास्ता खाल्लेल्या आजींच्या चेहऱ्यावर पहिल्या घासाला जे दिसतं त्यासाठी हॉटेल बदलून तिथे जावं. पण गंमत बघा: ही ब्रेड सर्व्हिस सुरुवातीच्या पदार्थांत मोडते, आणि प्लॅनमधून स्टार्टर २००८ सालीच गेलं. म्हणजे जे आपल्याला सगळ्यात जास्त हवं आहे, ते नेमकं प्लॅनबाहेर. रोख देऊन दोन मागवल्या तर सहा जणांचं पोट भरतं आणि एका माणसाच्या एका दिवसाच्या प्लॅनहून कमी खर्च येतो.

याहूनही स्वस्त वाट दशम्यांची. डिस्ने वर्ल्डच्या पार्कांत घरचं खाणं आत नेता येतं, हे आपल्याकडच्या अनेकांना ऐकूनही पटत नाही. त्यात आश्चर्य नाही. आपली सवय गेटवर पिशवी तपासून चिवड्याची पुडी बाहेर ठेवायला लावण्याची. मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं न्यायचा वाद महाराष्ट्रात २०१८ साली पेटला होता, आणि ३ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात सिनेमागृहाच्या मालकाला ते रोखण्याचा हक्क असल्याचं सांगितलं; पाणी आणि तान्ह्या बाळाचं खाणं तेवढं सुटलं. डिस्नेच्या अटी सौम्य आहेत: काचेची भांडी नकोत, मद्य नको, गरम करावं लागेल किंवा फ्रिजमध्ये ठेवावं लागेल असं काही नको. आणि उग्र वासाचं काही नको. लसणाची चटणी डब्यात खोल दडवावी हे बरं. थेपले, दशम्या, गुळपोळ्या, शंकरपाळे, भडंग हे सगळं आपल्या पूर्वजांनी जणू याच नियमावलीसाठी शोधून ठेवलं आहे. बर्फाचं पाणी पेय-यंत्र असलेल्या कुठल्याही काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं. पाण्याच्या बाबतीत सुरुवात मात्र अशी नव्हती: १९५५ साली डिस्नेलँड उघडताना प्लंबरांच्या संपामुळे स्वच्छतागृहं आणि पाण्याचे नळ यांतून एकच पुरं होणार होतं, आणि वॉल्ट डिस्नेनं स्वच्छतागृहं निवडली. लोकांनी सोडा विकण्याचा डाव म्हणून त्याच्यावर टीका केली.

इतर ठिकाणांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथली गणितं सोपी आहेत. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये हाफ बोर्ड आणि फुल बोर्ड अशी युरोपीय हॉटेलांची जुनी रीत चालते: नाश्ता आणि एक जेवण, किंवा तिन्ही वेळा. तिथे नाश्ता प्लॅनमध्ये असणं हा मोठा आधार. १९९२ साली ते पार्क उघडलं तेव्हा युरोपीय माणूस नाश्ता करत नाही असा सल्ला व्यवस्थापनाला मिळाला होता, आणि मग साडेतीनशे खुर्च्यांच्या रेस्तराँत अडीच हजार नाश्ते पुरवण्याची वेळ आली. रेस्तराँत वाइन नाही, हा नियमही लवकरच मागे घ्यावा लागला. तयार सहलीत जाणाऱ्यांना यातलं काहीच ठरवावं लागत नाही. मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्या रात्रीच्या वरणभाताची सोय बाहेरच्या भारतीय रेस्तराँत करतात. मात्र त्यासाठी आतिषबाजी सोडून बसकडे पळावं लागतं, आणि मला तो सौदा पटत नाही.

राहता राहिल्या सवलती. २००५ साली, वादळांच्या आणि शाळा उघडण्याच्या मंदीच्या दिवसांत खोल्या भरण्यासाठी डिस्नेनं 'फ्री डायनिंग' ही युक्ती काढली, आणि ती पुढे अनेक वर्षं चालली. फुकट म्हणजे काय, तर खोली पूर्ण दरानं घ्यायची. त्याच दिवसांत खोलीच्या दरावरही सूट चालू असते, आणि दोन्ही एकदम मिळत नाहीत. त्यामुळे तुलना जेवणाची रोख किंमत विरुद्ध खोलीवरची सूट अशी करावी. स्वस्त हॉटेलात एका खोलीत चौघे असतील तर फुकट जेवण बहुधा जिंकतं. महागड्या हॉटेलात दोघेच असाल तर खोलीवरची सूट जिंकते. प्लॅन गळ्यात मारला जाण्यापूर्वी कागदावर एवढं लिहून पाहावं. २०२६ साठी तर डिस्नेनं नवीन आमिष ठेवलं आहे: हॉटेल आणि तिकिटांच्या पॅकेजबरोबर मोठ्यांनी प्लॅन घेतला की तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचा प्लॅन फुकट. मुलं हाच प्लॅनचा फायद्याचा भाग होता, तोच आता मोफत, आणि तोटा होतो तो मोठ्यांच्या भागात. तरीही दोन लहान मुलं आणि कॅरेक्टर मीलची हौस असलेल्या तरुण जोडप्यानं हा सौदा घ्यावा. आजी-आजोबांची खोली मात्र वेगळ्या बुकिंगवर ठेवावी, म्हणजे त्यांना प्लॅनची सक्ती नाही. एका मोठ्या ताटात दोघं जेवतात, आणि अमेरिकेतलं ताट दोघांना पुरतं.

टेबलांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून पुढच्या दहा दिवसांची जागा एकदमच धरता येते. प्लॅन घ्या किंवा न घ्या, त्या दिवशी सकाळी साना आणि एक कॅरेक्टर मील एवढं धरून टाकावं. नंतर बेत बदलला तर वेळेत रद्द करावं, नाहीतर बहुतेक ठिकाणी माणशी दहा डॉलर कापतात.